राजीनाम्याची तारीख नंतर ठरवा, आधी 'नाही' म्हणायची ऐपत मोजा

तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३६, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं, त्यातली सध्याच्या कंपनीत चार. मूळ गाव तासगावजवळ, आई-वडील तिथेच. वाकडला फ्लॅट, हप्ता चालू. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत. दोन वर्षांपासून डोक्यात आहे की हे सोडून सांगलीला यावं आणि पाणी, शेती, शाळा अशा विषयांवर माहितीपट करावेत, "कुणाच्या तरी उपयोगाचं काहीतरी". वर्षभराच्या खर्चाइतके पैसे बाजूला काढलेत. तर राजीनामा द्यावा का, सांगलीत अशी कामं मिळतात का, आणि कॅमेरा कोणता घ्यावा?

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. आता बरीच वर्षं सांगलीत राहून संस्था, शाळा, शेतकरी गट, दवाखाने यांच्यासाठी छोट्या फिल्म आणि ऑडिओ करते. त्यामुळे मला जे कळतं ते याच कामापुरतं. चित्रं काढणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं किंवा नाटक करणाऱ्याचं गणित वेगळं असतं, ते त्यांनाच विचारा.

तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक, कामाचा वीट आलाय: रात्रीचे कॉल, रिलीजमध्ये गेलेले शनिवार-रविवार, आणि आपण बनवतोय ते शेवटी वापरतं कोण याचा पत्ता नाही. दोन, आई-वडिलांचं वय झालंय, त्यांच्याजवळ राहायचंय. तीन, फिल्म करायची आहे. पहिल्या दोन दुखण्यांवर फिल्म हे औषध नाही. वीट टीम बदलून, कंपनी बदलून जाऊ शकतो. तासगावात राहायचं असेल तर घरून काम देणारी कंपनी शोधणं हे माहितीपटात जम बसवण्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. उद्या मॅनेजरने सांगितलं की गावातून काम करा, रात्रीचे कॉल बंद, तर फिल्मची ओढ आजच्याइतकीच राहील का? याचं उत्तर बायकोसमोर द्या, एकट्याने देऊ नका. ओढ कमी होत असेल तर त्यात कमीपणा काही नाही, उलट बराच खर्च वाचला.

ओढ राहतेच आहे असं धरून पुढे लिहिते.

नोकरीत तुम्हाला उद्देश सापडत नाही आणि या कामात तो आयता मिळेल असं तुम्हाला वाटतंय. विषय पाणी आहे म्हणून फिल्म उपयोगाची होत नाही. ती उपयोगाची राहते की नाही हे शूटिंगच्या वेळी ठरत नाही, एडिटच्या टेबलावर ठरतं, आणि तिथे पैसे देणारा तुमच्या शेजारी बसलेला असतो.

एक उदाहरण देते. आटपाडी तालुक्यात एका संस्थेसाठी पाण्यावर फिल्म करत होतो. टेंभू या उपसा सिंचन योजनेचं पाणी त्या भागात आल्यापासून पिकं बदलली, माणसांचे दिवसाचे हिशोब बदलले, आणि संस्थेने तिथे शेततळ्यांचं काम केलेलं होतं. एका वयस्कर बाईंना पडवीत बसवलं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिठाची गिरणी चालू, ती थांबायची वाट बघत सगळे गप्प. लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) पदराला लावला तर लुगड्याचा काठ घासून खरखर यायला लागली. मग सुनेला हाताशी धरून तो पदराच्या आतून, गळ्याशी लावून घेतला. बाई बोलायला लागल्या. "पाणी आलं, झ्याक झालं. टँकरची वाट बघाय लागत न्हाई. पर मेंढरं इकली की आमी. चारायला रानच ऱ्हायलं न्हाई." सगळं एका दमात.

संस्थेला त्यातलं टँकरपर्यंतचं हवं होतं, पुढचं नको होतं. यात कुणी दुष्ट नव्हतं. फिल्म देणगीदार कंपनीच्या बैठकीत दाखवायची होती, आणि सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये 'पर' कुणालाच नको असतो. त्या शब्दाच्या आधी बाईंनी श्वास घेतला होता. तिथे कापलं असतं तर बघणाऱ्याला शंकासुद्धा आली नसती. मी ते ठेवलं, रफ कट, म्हणजे फिल्मचा कच्चा जोड, दाखवताना का ठेवलं तेही सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. बरीच ओढाताण झाली, माझ्या फीचा दुसरा हप्ता अडकला, उशिरा आला. वाक्य फिल्ममध्ये राहिलं आणि त्या संस्थेचं पुढचं काम माझ्याकडे आलं नाही.

हे मला परवडलं, कारण त्या काळात एका जुन्या क्लायंटचं टेस्टिंगचं काम माझ्याकडे चालू होतं आणि घरखर्च त्यातून निघत होता. घराचा हप्ता त्या संस्थेच्या चेकवर टांगलेला असता तर मी कात्री चालवली असती की नाही, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. म्हणून तुमच्या बाजूला काढलेल्या पैशांकडे मी 'किती महिने तग धरेन' असं बघत नाही. त्या पैशांत किती वेळा नाही म्हणता येईल, असं बघते. वर्षभराचा खर्च ऐकायला बरा वाटतो, पण पहिल्या वर्षी कामंच कमी येतात, म्हणजे नाही म्हणण्याची वेळ येण्याआधीच पैसे संपतात. मग दुसऱ्या वर्षी येईल ते काम घ्यावं लागतं. तेव्हा तुमच्या हातात आयटीचा पगारही नसतो आणि मनासारखी फिल्मही नसते.

त्यामुळे आयटी पूर्ण तोडू नका, असं मी सांगते. आठवड्यातले दोन दिवस, किंवा वर्षातले चार महिने, जुन्या कामाचा एखादा धागा ठेवा. बऱ्याच जणांना हे अर्धवट वाटतं, 'एक पाय इकडे एक पाय तिकडे' असं घरचेही म्हणतात. म्हणू द्या. आपल्याच जिल्ह्यातलं जुनं उदाहरण आहे. शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात जाहिरातीचं काम बघताना त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते कारखान्याचं पत्रक म्हणून. त्याचंच पुढे अख्ख्या महाराष्ट्रात वाचलं जाणारं मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' निघालं. त्या मासिकांनी त्या काळात बायकांच्या शिक्षणापासून अंधश्रद्धेपर्यंत जे छापलं ते छापायला धमक लागत होती, आणि त्या धमकेमागे कारखान्याचे खपणारे नांगर होते. कारखाना सोडून हे झालं नाही, कारखान्यातून झालं.

आता या कामात पैसा कुठून येतो ते. बहुतेक कामं सामाजिक संस्थांकडून येतात आणि संस्थांच्या मागे बऱ्याचदा कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने, १ एप्रिल २०१४ पासून, ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के अशा कामांवर खर्चावे लागतात. हिशोब आर्थिक वर्षाचा. म्हणून जानेवारी उजाडला की फोन सुरू: "मॅडम, मार्चच्या आत फिल्म पाहिजे." फेब्रुवारी-मार्चमध्ये झोप नसते आणि एप्रिल ते जून फोन वाजत नाही. गंमत म्हणजे फिल्ममध्ये शिवार हिरवंगार दिसायला हवं असतं, आणि काम येतं ते माण-खटाव, जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके करपायला लागल्यावर. तेव्हा पावसाळ्यानंतर, कुणी सांगितलेलं नसताना, दोन-तीन दिवस फिरून हिरवं फुटेज जमवून ठेवायचं. माझा मार्च त्यावर निघतो.

पैसे मी तीन हप्त्यांत घेते: काम ठरताना ४० टक्के, रफ कटला ३०, शेवटची फाइल देताना ३०. अ‍ॅडव्हान्सशिवाय गाडीत बसायचं नाही, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. ओळखीचा असेल तर जास्तच. फीमधून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर, जातो. रिटर्न भरताना तो तुमच्या करात धरतात आणि जास्तीचा असेल तेवढाच मागून मिळतो, त्यामुळे घरचा हिशोब शंभरातल्या ९० रुपयांवर मांडा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवांना जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते. तुमच्या बाबतीत जुन्या कामाचं कन्सल्टिंगचं बिलही त्याच उलाढालीत धरलं जाईल, तेव्हा सीएला एकदा भेटा.

दर किती लावायचा हे मी सांगणार नाही, कारण ते समोरच्यावर आणि तुमच्या हातावर आहे. दिवस मोजायला मात्र शिका. नवखा माणूस शूटिंगचे दिवस मोजतो. माझ्याकडे शूटिंगच्या एका दिवसामागे टेबलावर तीन-चार दिवस जातात: सगळं बोलणं उतरवून घेणं, कापणं, सबटायटल, 'लोगो थोडा मोठा करा', 'सरपंचांचं एक वाक्य राहिलं'. किती वेळा दुरुस्त्या करून देणार हे कोटेशनमध्येच लिहा. आणि एक कायद्याची गोष्ट, जी तुमच्यासारख्या स्वप्नं घेऊन येणाऱ्यांना माहीत नसते: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. तुम्ही उन्हात उभं राहून घेतलेलं ते सगळं त्यांचं. नंतर त्यातून तुमची स्वतःची मोठी फिल्म करायची असेल तर कच्चं फुटेज वापरायचा हक्क आधीच कागदावर घ्या. मागितला तर बहुतेक संस्था देतात.

घरच्या बाजूचं. ग्रॅच्युइटीसाठी एकाच कंपनीत पाच वर्षं लागतात, तुमची चार झालीत. निव्वळ घाईपोटी ते पैसे सोडू नका, तेवढ्या वेळात पुढे सांगते तो प्रयोगही होईल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आरोग्य विमा. कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील असतील तर राजीनाम्याबरोबर तेही बाहेर. सत्तरीच्या आसपासच्या, शुगर-बीपी असलेल्या माणसांना नवी पॉलिसी महाग पडते, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी कंपन्या ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकतात. तो काळ तुमची नोकरी चालू असतानाच सुरू झालेला बरा. म्हणून राजीनाम्याचं पुढेमागे ठरलं तरी पॉलिसी या महिन्यात बघा. कर्जाचा दर कमी करून घ्यायचा असेल, दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल, तर तेही पगाराची स्लिप हातात असताना. बायकोच्या पगारात हप्ता आणि किराणा बसत असेल तर तुमची परिस्थिती खूप वेगळी आहे. पण मग बायकोशी नीट बोला, कारण ती तासगावला आली तर तिची नोकरी काय, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच आलेलं नाही. वाकडचा फ्लॅट भाड्याने दिला तर भाड्यात हप्ता भागेल अशी आशा धरू नका, फरक खिशातून जातो.

प्रयोगाचं सांगते. नोकरीत असतानाच एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. आधी नेमणूकपत्र काढून बाहेरच्या कामाविषयीचं कलम वाचा आणि लागत असेल तर लेखी परवानगी घ्या. विषय छोटा, बघणारा ठरलेला. तुम्ही तासगावचे, तर बेदाण्याच्या शेडवर जा. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. द्राक्षं बुडवायचं मिश्रण, जाळीवर पसरणं, गंधकाची धुरी, मग निवडायला बसणाऱ्या बायका, हे तुम्ही लहानपणापासून बघितलेलं असणार. धुरीच्या वेळी नाका-डोळ्यांची काय काळजी घ्यायची यावर तीन मिनिटांची फिल्म करा. बघणार कोण? त्याच शेडवरची माणसं, मोबाइलवर, दुपारच्या सुट्टीत. करून झाली की त्यांच्यात बसून दाखवा. फिल्मकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. जिथे मान वळते, जिथे कुणी डबा उघडतं, तिथे तुमची फिल्म लांबलीय. शेडमालकाला धुरीचा विषय आवडणार नाही हेही बघून ठेवा. मालकाला सांभाळून खरं कसं दाखवायचं, हे या कामातलं अर्धं कौशल्य आहे, आणि ते तुम्हाला पहिल्याच फिल्ममध्ये शिकायला मिळेल. हे सगळं करून, शेवटची दुरुस्ती दहाव्यांदा करूनही तुम्हाला दुसरी फिल्म करावीशी वाटली, तर मग राजीनाम्याचं बोलू.

पहिली फिल्म मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मात्र करू नका. तिथल्या तंबोऱ्या-सतारींना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कारागीर थोर आहेत, प्रकाशही छान पडतो. म्हणूनच कॅमेरा हातात आलेला प्रत्येक जण आधी तिथेच जातो. त्या माणसांनी तीच उत्तरं इतक्यांदा दिलीत की तुम्हाला तीच मिळतील.

सांगलीत कामं मिळतात का? मिळतात, पण नुसत्या सांगलीवर पोट भरत नाही. माझी कामं सातारा, सोलापूर, कोल्हापूर आणि पुण्यातून मिळून होतात. इथे राहण्याचा फायदा असा की खर्च कमी आणि जत असो की म्हसवड, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. ज्या कामाकडे नवे लोक बघत नाहीत ते म्हणजे मिरजेचे दवाखाने. कर्नाटकातूनही पेशंट येतात. ऑपरेशनच्या आधी काय खायचं, घरी गेल्यावर टाक्यांची काळजी, डायलिसिसचं पथ्य, हे समजावणाऱ्या छोट्या फिल्म त्यांना मराठीत आणि कन्नडमध्ये लागतात. दिसायला साध्या, पैसे वेळेवर, आणि उपयोग म्हणाल तर नातेवाईक त्या डोळ्यांत तेल घालून बघतात. 'माझी फिल्म' म्हणून महोत्सवात पाठवता येणार नाहीत एवढंच. ऑडिओकडेही बघा. म्हसवडला 'माणदेशी तरंग' आणि जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी' ही सामुदायिक रेडिओ केंद्रं आहेत. एखादा दिवस अशा ठिकाणी बसून कार्यक्रम कसा होतो ते बघितलंत तर लोकांना बोलतं कसं करायचं हे कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कळेल.

तुमची बारा वर्षं वाया जात नाहीत, हेही सांगायला हवं. फाइलींना नावं देणं, आवृत्त्या जपणं, बॅकअप, वेळेचा अंदाज, क्लायंटला 'हे या दरात नाही' असं न रागावता लिहिणं, या गोष्टी आमच्या क्षेत्रात फार थोड्यांना येतात. संस्थांना डेटा गोळा करायचे फॉर्म, वेबसाइट, डॅशबोर्ड हेही लागतं, आणि फिल्म करणाऱ्याकडूनच ते मिळालं तर त्यांना हवंच असतं. फक्त सांगलीत राहणार असाल तर एक: हार्ड डिस्क तळमजल्यावर ठेवू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४५ फूट ही पुराच्या धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. एक कॉपी घरात वर, एक क्लाउडवर, एक नदीपासून लांब कुणाकडे तरी. तुमच्या बाबतीत तासगाव सोयीचं.

कॅमेऱ्याचं. आत्ता घेऊ नका. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे सांगली-मिरजेत चांगले कॅमेरे भाड्याने मिळतात, लग्नसराईच्या तारखा सोडून. बेदाण्याची फिल्म फोनवर करा, ट्रायपॉड मात्र लावा. पैसे खर्चायचेच असतील तर लेपल माइक आणि कान पूर्ण झाकणारा बरा हेडफोन घ्या. चित्र थोडं हललं तर माणसं सांभाळून घेतात, बोलणं ऐकू आलं नाही तर पुढे सरकवतात. माइक घेताना जास्तीचे दोन फोमचे बोंडले मागून घ्या, वाऱ्यात पहिले तेच हरवतात.